आधी वॉलेट हरवायची तालीम, मग पैसे

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. लाखो ग्राहकांना अ‍ॅपमध्ये आपली शिल्लक दिसत होती, पण ती बाहेर काढण्याचा मार्ग वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. एक्स्चेंजवरची शिल्लक म्हणजे कंपनीच्या वहीत तुमच्या नावापुढे लिहिलेला आकडा. नाण्यांची किल्ली, म्हणजे ती खर्च करू देणारी गुप्त संख्या, कंपनीकडेच असते. ती स्वतःकडे कशी घ्यायची, कुठे ठेवायची आणि नवखा माणूस नेमका कुठे फसतो, ते इथे क्रमाने लिहिले आहे.

किल्ली हातात आली की जबाबदारीही पूर्ण आपली होते. 'पासवर्ड विसरलात?' असे बटण इथे नाही, तक्रार घेणारी शाखा नाही. चोरी न होताही केवळ मालकाच्या हातून कितीतरी बिटकॉइन कायमचे गेले आहेत. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर एका तालमीवर आहे: मोठी रक्कम टाकण्याआधी वॉलेट, म्हणजे किल्ली ठेवणारे अ‍ॅप किंवा यंत्र, मुद्दाम पुसायचे आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभे करायचे. वेळ कमी असेल तर बाकीचे मागाहून वाचा, तालीम मात्र सोडू नका.

वॉलेटमध्ये नाणी नसतात

नाणी ब्लॉकचेनवर असतात, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या एकाच हिशेबवहीत. वॉलेटमध्ये असते ती खासगी किल्ली, २५६ बिटांची एक अवाढव्य संख्या. व्यवहारावर सही होते ती या संख्येने. सही बरोबर असली की व्यवहार पुरा झाला, मग ती मालकाने केलेली असो की चोराने. नेटवर्क कोणाचे आधार कार्ड पाहत नाही.

इतकी मोठी संख्या हाताने उतरवताना चूक होणारच. त्यावर २०१३ साली बीआयपी-३९ हे प्रमाण आले. २०४८ इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. वॉलेट तयार होताना तिच्यातले १२ किंवा २४ शब्द ठराविक क्रमाने तुमच्यासमोर येतात. हीच सीड फ्रेज. यातून बिटकॉइन, इथेरियम आणि इतर नाण्यांच्या सगळ्या किल्ल्या गणिताने निघतात. यंत्र फुटले, कंपनी बुडाली, तरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तेच शब्द घातले की पैसे समोर येतात. उलट बाजूही तितकीच खरी: हे शब्द ज्याने पाहिले त्याला तुमचे यंत्र, पिन, ओटीपी, काहीच लागत नाही.

एक बारीक गोष्ट. शेवटच्या शब्दात पडताळणीचे काही बिट दडलेले असतात, १२ शब्दांत ४ आणि २४ शब्दांत ८. त्यामुळे शब्द चुकले तर वॉलेट बहुतेक वेळा ते नाकारते. बहुतेक वेळा, नेहमी नाही. १२ शब्दांचा क्रम उलटासुलटा झाला तरी सोळातून एकदा तो 'योग्य' म्हणून स्वीकारला जातो आणि समोर येते भलतेच, रिकामे वॉलेट. यंत्राने शब्द घेतले म्हणजे ते बरोबर आहेत असे धरून चालू नका. शिल्लक दिसली तरच ते बरोबर.

खिशातले पाकीट आणि घरातले कपाट

सॉफ्टवेअर वॉलेट म्हणजे फोनमधले किंवा संगणकावरचे अ‍ॅप. बिटकॉइनसाठी फोनवर ब्लूवॉलेट, संगणकावर स्पॅरो आणि इलेक्ट्रम, इथेरियम आणि तिच्या जातीच्या नेटवर्कसाठी मेटामास्क किंवा रॅबी, सोलानासाठी फँटम. सगळी फुकट आहेत आणि पाच मिनिटांत सुरू होतात. त्यांची मर्यादा अशी, की किल्ली त्याच यंत्रात राहते ज्यावर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडता. ऑगस्ट २०२२ मध्ये स्लोप नावाच्या सोलाना वॉलेटने वापरकर्त्यांचे सीड शब्द स्वतःच्या सर्व्हरवर नोंदवल्याचे उघड झाले आणि हजारो वॉलेट रिकामी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला स्पार्ककॅट नावाचे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडले. ते चक्क गूगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअरवरच्या काही अ‍ॅपमध्ये होते आणि फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून त्यात सीड शब्द शोधत होते. शब्दांचा फोटो काढू नका असे जे सांगतात ते यासाठी.

हार्डवेअर वॉलेट हे छोटे वेगळे यंत्र. किल्ली त्यातच जन्मते आणि तिथून बाहेर येत नाही. संगणक व्यवहाराचा कच्चा मसुदा आत पाठवतो, यंत्र स्वतःच्या पडद्यावर तो दाखवते, तुम्ही बटण दाबता आणि फक्त सही बाहेर पडते. संगणकात व्हायरस असला तरी त्याच्या हाती किल्ली लागत नाही. लेजर, ट्रेझर, बिटबॉक्स, कोल्डकार्ड, कीस्टोन, जेड ही यातली नावाजलेली नावे. सायफरॉक ही भारतीय कंपनी वेगळ्या वाटेने जाते: तिच्या एक्स-१ या वॉलेटमध्ये किल्लीचे पाच तुकडे होतात, एक मुख्य यंत्रात आणि चार वेगवेगळ्या कार्डांत, आणि सही करायला यंत्रासोबत कुठलेही एक कार्ड पुरते.

दोन्ही प्रकार लागतात. रोजच्या खर्चापुरते पैसे खिशातल्या पाकिटात आणि बाकी घरातल्या कपाटात, हीच विभागणी इथेही ठेवा. फोन चोरीला गेला तर हळहळ वाटेल पण महिन्याचे गणित बिघडणार नाही, एवढीच रक्कम फोनमध्ये असू द्या. तुमची सगळी क्रिप्टो मिळून यंत्राच्या किमतीएवढीही नसेल, तर यंत्र घ्यायची घाई नको. फोनवरचे चांगले वॉलेट आणि कागदावर नीट लिहिलेले शब्द सध्या पुरेत.

विकत घेताना

यंत्र निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्या, किंवा त्या संकेतस्थळावर ज्याचे नाव आहे अशाच विक्रेत्याकडून. वापरलेले यंत्र कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. मोठ्या खरेदी-संकेतस्थळावर खरा प्रश्न ब्रँडचा नसतो, 'विक्रेता कोण' या ओळीचा असतो.

खोका उघडल्यावर त्यात आधीच छापलेले किंवा खरवडून वाचायचे शब्द निघाले, तर तो सापळा आहे. ते शब्द ठेवणाऱ्याला माहीत आहेत, तुम्ही पैसे टाकायची तो वाट पाहतोय. शब्द नेहमी तुमच्यासमोर, यंत्राच्या पडद्यावर, पहिल्यांदा जन्मले पाहिजेत. चकचकीत होलोग्राम स्टिकरवर भरवसा ठेवू नका, स्टिकर कोणीही छापतो. अस्सलपणा तपासायचा तो यंत्राच्या आतून: लेजरचे अ‍ॅप जोडणीच्या वेळी चिपकडून प्रमाण मागते, ट्रेझर कारखान्यातून फर्मवेअरशिवाय (यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरशिवाय) येतो, त्यामुळे नव्या ट्रेझरमध्ये ते आधीच भरलेले दिसले तर थांबा आणि कंपनीला कळवा.

जुन्या ट्रेझर वन आणि मॉडेल टी मध्ये सुरक्षित चिप नव्हती. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या प्रयोगशाळेने यंत्र हातात असेल तर साधारण १५ मिनिटांत त्यातून सीड काढता येते हे दाखवून दिले. नंतरच्या सेफ मालिकेत ती चिप आहे. कोणी जुना साठा सवलतीत देत असेल तर हे लक्षात ठेवा.

घरच्या पत्त्याचीही काळजी घ्या. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २.७ लाख लोकांची नावे, घरचे पत्ते, फोन क्रमांक उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी टपालाने नकली यंत्रे पोचली, सोबत 'सुरक्षेसाठी हे नवे यंत्र वापरा' असे पत्र. न मागवता आलेले यंत्र संगणकाला लावूच नका. ऑर्डर करताना वेगळा ईमेल आणि शक्य तर कार्यालयाचा पत्ता द्या.

मांडणी, पायरीपायरीने

१. खोलीत एकटे बसा. सीसीटीव्ही, लॅपटॉपचा कॅमेरा, हातातला फोन, काहीही शब्दांकडे तोंड करून नको.

२. अ‍ॅप उतरवण्यासाठी पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्रात नाव टाकले की सर्वांत वर जाहिरात येते आणि हुबेहूब नकली संकेतस्थळे तिथेच बसलेली असतात.

३. आधी फर्मवेअर अद्ययावत करा, मग वॉलेट तयार करा. उलट केले आणि अपडेटमध्ये यंत्र पुसले गेले तर पहिल्याच दिवशी घाम फुटतो.

४. 'नवीन वॉलेट' निवडा आणि पिन ठरवा. लेजरवर पिन ४ ते ८ अंकी असतो, तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसते. ट्रेझर दर चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेतो आणि १६ चुकांनंतर पुसतो. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. घरातल्या मुलांनी चाळा म्हणून तीनदा बटणे दाबली तर यंत्र रिकामे होईल, पैसे जाणार नाहीत. शब्द असतील तर.

५. शब्द यंत्राच्या पडद्यावर एकेक येतील. बॉलपेनने, रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहा.

रोमन लिपीचा आग्रह का? बीआयपी-३९ च्या याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांत आहेत, मराठी किंवा हिंदीत नाही. घाईत काही जण सवयीने शब्द देवनागरीत उतरवतात. मग तीन वर्षांनी कागदावर दिसते 'राइट'. यादीत उजवा या अर्थाचा 'राइट' आहे आणि लिहिणे या अर्थाचाही 'राइट' आहे. 'पेअर' म्हणजे जोडी की फळ? यादीत दोन्ही आहेत. एकाच शब्दाचा घोळ असेल तर दोन्ही पर्याय लावून पाहता येतात, पण त्यात एखादा ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आणि एक पुसट अक्षर मिसळले की काम अवघड होते. यादी अशी बांधली आहे, की पहिली चार रोमन अक्षरे पाहून शब्द नक्की ओळखता येतो. म्हणून तीच लिपी, आणि चार अक्षरे अगदी स्वच्छ.

६. यंत्र पुन्हा शब्द विचारून खात्री करून घेईल. अ‍ॅपने किंवा संकेतस्थळाने ते संगणकाच्या कीबोर्डवर टाइप करायला सांगितले तर बंद करा. हार्डवेअर वॉलेटचे शब्द यंत्रावरच टाकायचे, दुसरीकडे कुठेही नाही.

कागद टिकवणे हे आपल्याकडे वेगळे काम आहे. कोकणातल्या दमट घरात जेल पेनची शाई दोन पावसाळ्यांत पसरते, आणि कपाटातल्या कागदाला कसर लागते. लॅमिनेशन करावेसे वाटेल, पण त्यासाठी कागद झेरॉक्सच्या दुकानात देऊ नका. त्याहून चांगला उपाय स्टीलची पट्टी. २ मिलिमीटर जाडीची ३०४ दर्जाची स्टेनलेस पट्टी घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून ३ किंवा ४ मिलिमीटरचा लेटर पंच संच. प्रत्येक शब्दाची चार अक्षरे ठोकायची, म्हणजे २४ शब्दांची जास्तीत जास्त ९६. आधी मार्करने आडव्या रेघा आखून क्रमांक घाला, खाली जाड लोखंडी ठोकळा ठेवा आणि एका अक्षराला एकच दणका द्या. दोनदा मारले की अक्षर दुहेरी उमटते. अ‍ॅल्युमिनियम नको, ते ६६० अंशांना वितळते. स्टीलला १४०० च्या आसपास लागतात. काम स्वतः करा. भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे पट्टी नेलीत तर शब्द त्यानेही वाचले.

तालीम

आता एक्स्चेंजवरून पाचशे-हजार रुपयांची क्रिप्टो वॉलेटवर घ्या आणि ती पोचल्यावर वॉलेटच्या पत्त्याची (ज्यावर नाणी मागवता त्या अक्षर-अंकांच्या ओळीची) पहिली व शेवटची अक्षरे कागदावर टिपून ठेवा. मग यंत्र पुसा. सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो. लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला तरी चालते. हात थरथरतो, आणि हजार रुपयांसाठी थरथरला तर बरेच आहे.

'वॉलेट परत मिळवा' निवडा आणि फक्त तुमच्या कागदावरून किंवा पट्टीवरून शब्द टाका. आठवणीतून एकही नाही. नंतर तीन गोष्टी पाहा: पत्ता तोच आला का, शिल्लक तीच आहे का, आणि त्यातून थोडी रक्कम बाहेर पाठवता येते का. तिसरी पायरी लोक सोडतात. शिल्लक दिसणे आणि सही करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसू शकते. बहुतेक वेळा कारण यांपैकी एक असते.

एकाच सीडमधून बिटकॉइनचे पत्ते चार वेगवेगळ्या वाटांनी निघतात, आणि त्या वाटांचे क्रमांक ४४, ४९, ८४ आणि ८६. त्यातून येणारे पत्ते अनुक्रमे १ ने, ३ ने, 'बीसी१क्यू' ने आणि 'बीसी१पी' ने सुरू होतात. जुने अ‍ॅप एका वाटेवर आणि नवे दुसऱ्या वाटेवर पाहत असेल तर पैसे दिसत नाहीत, पण ते असतात. खात्याचा प्रकार बदलून पाहा. म्हणूनच कागदावर शब्दांसोबत वॉलेटचे नाव आणि पत्त्याचा प्रकार लिहून ठेवावा.

इलेक्ट्रमचे १२ शब्द दिसायला तसेच असले तरी त्यांची पद्धत स्वतःची आहे, ते बीआयपी-३९ नाहीत. इलेक्ट्रममध्ये तयार केलेले शब्द इलेक्ट्रममध्येच परत घाला. ट्रेझरचे नवे सेफ मॉडेल मूळ सेटिंगमध्ये २० शब्द देते. ती १०२४ शब्दांची वेगळी यादी आहे आणि ती पद्धत ज्यांना येते अशीच वॉलेट ते शब्द घेतात.

आणि शेवटचे कारण, पासफ्रेज लावली होती आणि ती विसरली. त्याबद्दल पुढे.

तालीम यशस्वी झाल्याशिवाय मोठी रक्कम हलवू नका. पट्टी ठोकली असेल तर तालीम पट्टीवरूनच करा, कारण संकटाच्या दिवशी कागद नसेल.

एक्स्चेंजमधून रक्कम काढताना

मुळात क्रिप्टो बाहेर काढता येते का, हे खाते उघडण्याआधी पाहा. काही अ‍ॅप फक्त खरेदी-विक्री करू देतात. ७ मार्च २०२३ पासून आपल्याकडचे एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत, त्यामुळे पत्ता तुमचाच आहे का, अशी विचारणा होऊ शकते. खरे ते लिहा.

मग नेटवर्क. यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेले एकच नाणे ट्रॉन, इथेरियम, बीएनबी अशा कितीतरी नेटवर्कवर चालते. ट्रॉनचा पत्ता 'टी' ने सुरू होतो. इथेरियमचा 'झिरो-एक्स' ने, एकूण ४२ चिन्हांचा, आणि बीएनबी नेटवर्कचा अगदी तसाच. या दोघांत गल्लत झाली आणि पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असेल तर घाबरू नका, किल्ली तीच आहे. वॉलेटमध्ये दुसरे नेटवर्क जोडले की नाणी दिसतात. तीच चूक एक्स्चेंजच्या पत्त्यावर झाली तर किल्ली त्यांच्याकडे असते आणि त्यांच्या मर्जीवर थांबावे लागते. काही नाण्यांना, उदाहरणार्थ एक्सआरपीला, एक्स्चेंजकडे पाठवताना पत्त्याशिवाय टॅगही, म्हणजे तुमचे खाते ओळखणारा क्रमांक, लागतो. तो राहिला तर रक्कम पोचते, पण तुमच्या नावावर जमा होत नाही.

ट्रॉनवरचे यूएसडीटी हलवायला फी टीआरएक्स या ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यात लागते, इथेरियमवर ईथरमध्ये. नुसतेच यूएसडीटी मागवणारा नंतर अडकतो: पैसे दिसतात, पण हलत नाहीत. फीचे नाणे थोडे आधी घेऊन ठेवा.

पत्ता कॉपी केला की पेस्ट झाल्यावर तो बदललेला असू शकतो. क्लिपबोर्डवर डोळा ठेवून पत्ता बदलणारे मालवेअर जुने आणि सर्रास आहे. म्हणून यंत्राच्या पडद्यावर दिसणारा पत्ता हाच खरा, संगणकावरचा नाही. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरे जुळवून भागत नाही, मधलीही पाहा. चोर मुद्दाम तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखीच सुरुवात-शेवट असलेला पत्ता बनवतात आणि त्यावरून शून्य किंमतीचा व्यवहार पाठवून तुमच्या इतिहासात घुसतात. मे २०२४ मध्ये एकाने असाच इतिहासातला पत्ता उचलला आणि ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारे बिटकॉइनचे रूप), सुमारे ६.८ कोटी डॉलर, चोराला पाठवले. ती रक्कम नंतर वाटाघाटींतून बरीचशी परत आली, पण त्यावर विसंबू नका. जुन्या व्यवहारातून पत्ता कधीही उचलू नका.

बिटकॉइन दर आठवड्याला पाचशे रुपयांचे काढत बसू नका. प्रत्येक जमा हे वेगळे सुटे नाणे राहते आणि पुढे एकत्र खर्च करताना दर सुट्या नाण्यामागे व्यवहारात सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइटची (फी ज्यावर मोजतात त्या आकाराच्या मापाची) भर पडते. फी ५० सातोशी (बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग) प्रति बाइट असेल त्या दिवशी एका तुकड्याला ३४०० सातोशी जातात. एक्स्चेंजवर थोडे साठू द्या, मग एकदम काढा.

सही करण्याआधी वाचा

हार्डवेअर वॉलेट किल्ली राखते, तुमचा निर्णय राखत नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरची चोरी झाली. तिथे कोणाची किल्ली चोरीला गेली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, हार्डवेअर वॉलेटवर आलेला मजकूर वाचता येण्यासारखा नव्हता, आणि अधिकार असलेल्या माणसांनी स्वतःच सही केली. याला आंधळी सही म्हणतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये ती बंदच ठेवा. यंत्रावर रक्कम, पत्ता आणि नाणे स्पष्ट वाचता येत नसेल तर नाकारा.

नवख्यांचे पैसे जास्त जातात ते परवानगीतून. इथेरियमवर एखाद्या संकेतस्थळाला तुमचे यूएसडीटी वापरू द्यायचे तर 'अप्रूव्ह' वर सही लागते, आणि बऱ्याचदा मागितलेली मर्यादा 'अमर्याद' असते. त्या संकेतस्थळामागचे कंत्राट, म्हणजे ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम, लबाड निघाले तर आज, उद्या, वर्षाने, केव्हाही सगळे उचलू शकते आणि तुमचे यंत्र तेव्हा कपाटात बंद असते. वॉलेटमधून 'डिस्कनेक्ट' केल्याने ही परवानगी जात नाही. मर्यादा हाताने बदलून हवी तेवढीच द्या, आणि इथरस्कॅनच्या परवानगी तपासणीच्या पानावर किंवा रिव्होक डॉट कॅश वर जाऊन जुन्या परवानग्या महिन्यातून एकदा काढून टाका. प्रत्येक काढण्याला थोडा गॅस, म्हणजे इथेरियमची फी, लागतो. साठवणीचा पत्ता कुठल्याही संकेतस्थळाला जोडूच नका. खेळायचे असेल तर वेगळे सॉफ्टवेअर वॉलेट, वेगळे सीड. न मागता वॉलेटमध्ये आलेली 'बक्षीस' नाणी विकायला जाऊ नका, ती तुम्हाला त्यांच्या संकेतस्थळावर खेचण्यासाठीच टाकलेली असतात.

पासफ्रेज: आत्ताच नको

सीड शब्दांसोबत स्वतःचा एक जादा शब्द किंवा वाक्य जोडता येते. त्यातून पूर्ण वेगळे वॉलेट तयार होते. पट्टी चोराच्या हाती लागली तरी पासफ्रेजशिवाय त्याला ते वॉलेट दिसत नाही. उपाय भक्कम आहे, पण पासफ्रेज कधीच 'चूक' ठरत नाही: एक स्पेस जास्त पडली, लहान अक्षराचे मोठे झाले, तरी यंत्र निमूटपणे दुसरे, रिकामे वॉलेट उघडते. पहिले सहा महिने ती लावू नका असे आमचे स्पष्ट मत आहे. लावलीत तर ती लिहून सीडपासून वेगळ्या जागी ठेवा आणि तालीम पुन्हा करा.

प्रती, घरचे लोक आणि हिशेब

प्रती दोन, आणि त्या एका छताखाली नकोत. एक घरात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावच्या घरी, बंद पाकिटात. १२ शब्द अर्धे इथे, अर्धे तिथे अशी हुशारी करू नका. एक अर्धा हरवला तर सगळे गेले, आणि एक अर्धा चोराला मिळाला तर उरलेले ६ शब्द शोधणे मूळ १२ पेक्षा अतोनात सोपे होते. किल्लीचे तुकडेच करायचे तर त्यासाठी बनवलेल्या पद्धती आहेत: शामीर पद्धत (ठराविक तुकडे जमले की किल्ली उभी राहते) किंवा दोन-तीन सह्यांचे मल्टीसिग वॉलेट. त्या वर्षभराच्या सरावानंतर.

घरच्यांसाठी एक साधे मराठी पत्र लिहा. कोणती नाणी आहेत, यंत्र कुठे आहे, शब्दांची पट्टी कुठल्या लॉकरमध्ये आहे, वॉलेटचे नाव काय, कोणाला विचारायचे आणि कोणालाही शब्द का सांगायचे नाहीत. शब्द स्वतः या पत्रात नकोत. पत्नी, भाऊ, मुलगी, जे कोणी पुढे हे पाहणार, त्यांना शेजारी बसवून छोट्या रकमेची तालीम एकदा त्यांच्याच हातून करून घ्या.

स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेणे म्हणजे विक्री नव्हे, पण ते स्वतःचे होते हे दाखवता आले पाहिजे. नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्यावर अधिभार-उपकर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. खरेदीची तारीख, किंमत, एक्स्चेंजची नोंद आणि बाहेर काढल्याचा व्यवहार क्रमांक एका वहीत किंवा एक्सेलमध्ये त्याच दिवशी टिपा. एक्स्चेंज बंद पडला की जुना हिशेब काढणे फार कष्टाचे होते.

शब्द फुटल्याची शंका आली तर

शंका पुरेशी आहे, खात्रीची वाट पाहू नका. पिन किंवा पासवर्ड बदलून उपयोग नाही, कारण फुटलेले शब्द तेच राहतात. दुसऱ्या यंत्रावर किंवा स्वच्छ फोनवर नवे सीड तयार करा, ते लिहा, आणि सर्वांत मोठी रक्कम आधी तिकडे हलवा. जुन्या पत्त्यावर फीसाठी नवे ईथर पाठवताना सावध राहा. चोराचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तिथे बसलेला असेल तर ते आल्या क्षणी उचलले जाते.

चोरी झालीच असेल तर १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सोबत व्यवहार क्रमांक, दोन्ही पत्ते आणि वेळ द्या. रक्कम एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्याकडे जाताना दिसली तर त्या एक्स्चेंजला तक्रार क्रमांकासह लगेच कळवा; गोठवण्याची संधी तिथेच असते आणि ती काही तासांची असते. दोन दिवसांत टेलिग्रामवर कोणीतरी येईल आणि ठराविक फी घेऊन पैसे परत मिळवून देण्याची हमी देईल. त्याला फी देऊ नका, शब्द सांगू नका आणि त्याने पाठवलेले स्क्रीन दाखवायचे अ‍ॅप उघडू नका.